मनुकाची जागा

“...आणि सहा वर्षांच्या कुत्रीला आता कोण काय शिकवणार, बाबा? पिल्लू असतं तर गोष्ट वेगळी होती.”

सुभेदार रंगराव घोरपडे पाठ ताठ ठेवून विचारत होते. शेजारी वेताची टोपली, टोपलीत मनुका. पांढरी, केसाळ, मांजराहून जराशीच मोठी.

लतीफबाबा लिंबाच्या सावलीत बसले होते. कुरणवाडीच्या टेकडीवरच्या त्या तकियात, फकिरांच्या जुन्या मठीत, ते तीस वर्षं राहत होते. सोबतीला पाच-सहा भटकी कुत्री.

“काय करते ती?”

“घरात मुतते. कपाटामागं, पलंगाखाली, अगदी देव्हाऱ्याच्या खोलीतसुद्धा. आठ महिने झाले. तुमच्याकडं एवढी कुत्री आहेत. त्यात एक वाढली तर...”

“टाकायला आणलीय.”

“टाकायला नव्हे. ठेवायला.”

सुभेदारांनी मान वळवली.

“डॉक्टरांना दाखवली?” बाबांनी विचारलं.

“दोनदा. लघवी तपासली, पोट तपासलं. कसला आजार नाही.”

“आठ महिन्यांपूर्वी काय झालं होतं?”

सुभेदार टेकडीखालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

“आमची मंडळी गेली.”

...

“कुत्री तिची. जाताना माझा हात धरून म्हणाली, मनुकाला अंतर देऊ नका. मी शब्द दिला. बाबा, अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढली. भलीभली आडदांड पोरं महिन्यात सरळ केली. आणि ही एवढीशी...”

“बाई तिला किती वेळा बाहेर न्यायच्या?”

“मोजलं कुणी? हौसा दिवसभर अंगणातच असायची. ही तिच्या पायात.”

“आणि तुम्ही?”

“सकाळी सहा. संध्याकाळी सहा. एक मिनिट इकडं तिकडं नाही.”

“तुमचं वय काय, सुभेदार?”

“अडुसष्ट.”

“तुम्ही दिवसातून किती वेळा जाता?”



तेवढ्यात मनुका टोपलीतून उतरली. इकडेतिकडे हुंगत पाण्याच्या रांजणामागे गेली आणि तिथल्या चटईच्या कोपऱ्यावर बसली.

“मनुका!”

परेडच्या मैदानावर जावा असा आवाज होता तो. लिंबावरचे कावळे उडाले. सुभेदारांनी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. मनुका कान पाडून, पोट जमिनीला घासत खाटेखाली शिरली.

बाबा उठले. चटई धुतली, उन्हात टाकली. खालची फरशी पुसली. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्याच जागेवरून पुन्हा फडकं फिरवलं. मनुकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“मी फिनेल टाकतो,” सुभेदार म्हणाले.

“त्यानं तुमच्या नाकाचं भागतं. तिच्या नाकाला जागा सापडतेच.”

फडकं पिळून बाबा येऊन बसले.

“तो कागद कशाला आहे?”

“एक फटका देतो. जोरात नाही. शिकावं म्हणून.”

“मग शिकली की.”

“कुठं शिकली? आत्ता बघितलंत ना!”

“रांजणामागं का गेली?”

सुभेदारांनी रांजणाकडे पाहिलं.

“तुम्ही बाहेर नेता तेव्हा काय करते?”

“काही नाही! अर्धा अर्धा तास उभी राहते. माझ्याकडं बघते. आणि घरी आली की, माझी पाठ वळली की...”

हातातली गुंडाळी त्यांनी हळूच खाली ठेवली.

...

बाबांनी दोरी आणली. एक टोक मनुकाच्या पट्ट्याला अडकवलं. दुसरं सुभेदारांच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली.

“बाबा, तिला बांधायचं तर त्या खुंट्याला बांधा.”

“तिला कुठं बांधलंय?” बाबा म्हणाले.

मग त्यांनी मनुकासमोर दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली, पाणी ठेवलं आणि सुपारी कातरत बसले.

मनुकाने खाल्लं. थोडी लवंडली. मग उठली, नाक जमिनीला लावून गोल गोल फिरू लागली. दोरी ताणली तसे सुभेदार उठले. ती निघाली, ते मागून निघाले. पार ओलांडून दोघं घाणेरीच्या झुडपापाशी आली. तिथे ती वाकली... वर पाहिलं, आणि सरळ उभी राहिली.

“माझ्याकडं बघते आणि थांबते,” सुभेदार ओरडले. मग तेच, हळू आवाजात, स्वतःशी पुन्हा म्हणाले.

बाबा सुपारी कातरत होते.

ऊन चढलं. सुभेदारांच्या मानेवरून घाम उतरला. ते हलले नाहीत. चौकीवर उभं राहायची त्यांना सवय होती, पण असं, कुणाच्या तरी सोयीसाठी, ते आयुष्यात उभे राहिले नव्हते. दोनदा मनुका वाकली, दोनदा उठली. शेवटी त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि खालच्या शेतांकडे बघत राहिले.

पाचोळ्यावर बारीक आवाज झाला.

“सांगा तिला,” बाबा लांबून म्हणाले.

“काय सांगू?”

“चांगलं झालं म्हणून.”

“शाब्बास!” सुभेदार गरजले.

मनुका अंग चोरून घाणेरीत शिरली.

सुभेदार तिथेच उभे राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकत, कुरकुरत, उकिडवे बसले. बराच वेळ ओठ नुसते हलले. हौसाबाई अंगणात जे म्हणायच्या ते त्यांनी आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि स्वतः तर कधीच म्हटलं नव्हतं.

“गुणाची गं... माझी बाय ती.”



झुडपातून आधी नाक बाहेर आलं. मग सगळी मनुका. शेपूट एकदा हललं. बाबांनी मागून येऊन सुभेदारांच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. तिने तो तिथूनच खाल्ला, आणि मग हात चाटत राहिली.

सुभेदारांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले. बाबा परत लिंबाखाली गेले होते.

निघताना सुभेदारांनी टोपली रिकामीच उचलली.

“झोपेतून उठली की बाहेर,” बाबा म्हणाले. “खाल्लं की बाहेर. बागडली की बाहेर. रोज त्याच जागी. झालं की लगेच, तिथल्या तिथं, चांगलं म्हणा. घरात झालं तर पुसा आणि गप्प बसा.”

“असं किती दिवस?”

“तुम्ही किती दिवसांत शिकाल?”

सुभेदार पहिल्यांदा हसले. मनुका पुढे, ते मागे, अशी दोघं टेकडी उतरली.

...

तीन आठवड्यांनी ते परत आले. दाढी वाढलेली, चपलांना चिखल. मनुका उड्या मारत बाबांच्या कुत्र्यांत मिसळली. सुभेदार मात्र खाली मान घालून बसले.

“एकोणीस दिवस घरात काही नाही केलं तिनं, बाबा. रोज आठ-आठ वेळा अंगणात जातो. शेजारी हसतात. हसू देत. पण काल पुन्हा घरात झालं.”

“कुठं?”

“दाराशी. कडी लावलेली होती, तिथंच, आतल्या बाजूला. मी अंघोळ करत होतो.”

“मग काय केलंत?”

“पुसलं. तिला घेऊन जरा वेळ पायरीवर बसलो. अंघोळ करताना एकदा भुंकलेली ऐकू आली होती. मला वाटलं, दूधवाला असेल... म्हणजे ती अजून शिकली नाही म्हणायची का, बाबा?”

बाबांनी मनुकाला जवळ ओढलं. तिच्या कानामागे खाजवलं. बराच वेळ.

“ती शिकली, सुभेदार,” ते म्हणाले. “आता दाराला शिकवा.”