संकल्पातलं नाव

माणूस अध्यक्ष झाला की आधी पाट्या वाचतो. जनावरांच्या रोगनिदानाची नवी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष त्र्यंबकराव सोवळं नेसून वास्तुपूजेला आले आणि 'वराहरोग विभाग' या पाटीपाशी थबकले.

"उतरवा ती. या वास्तूत डुकराचं नाव निघता कामा नये. खोली घोड्यांना द्या."

डॉ. रोहिणी काळसेकर या विभागाच्या प्रमुख होत्या. नदीपलीकडच्या वस्तीत तापाने डुकरं मरत होती. त्यांचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून त्या सकाळीच आल्या होत्या, आणि ते तपासायला दुसरी जागा नव्हती.

गुरुजींनी अध्यक्षांच्या तळहातावर पाणी घातलं. "आता संकल्प. माझ्यामागून म्हणा, श्रीश्वेतवराहकल्पे..."

"गुरुजी, तेवढा शब्द गाळा," रोहिणीबाई शांतपणे म्हणाल्या. "साहेबांना इथे ते नाव नको आहे."

गुरुजी गोंधळले. "कसा गाळणार, बाई? चालू कल्पच वराहाचा. त्याच्याशिवाय संकल्प होत नाही."

त्र्यंबकरावांच्या बोटांतून पाणी ठिबकू लागलं.

"साहेब, बुडालेली पृथ्वी ज्याने दातांवर उचलून वर आणली, त्याच्या गोतावळ्याला आज ताप आलाय," बाई म्हणाल्या. "ती पृथ्वी मी परत मागत नाही. तिच्यातली एक खोली मागतेय."

त्र्यंबकरावांनी आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं.

"पाटी राहू द्या," अखेर ते म्हणाले. "पाणी सांडलं, गुरुजी. पुन्हा घाला."

आणि या वेळी तो शब्द त्यांनी गुरुजींच्या आधी उच्चारला.