'सुगरण'चा बाप

वेबसाइट बनवण्यासाठी कुणालाही फुकट वापरता येणारं 'सुगरण' हे फ्रेमवर्क श्रीरंग देवस्थळींनी लिहिलं आणि कंटाळा येताच वाऱ्यावर सोडलं. पुढे हेमलता गावितने नोकरी सांभाळून ते वर्षानुवर्षं जगवलं. त्याचं नाव झालं, तसे देवस्थळी सुगरण वापरणाऱ्यांच्या नाशिकच्या संमेलनात एका बड्या कंपनीचे संचालक म्हणून उगवले.

"सुगरण माझं मूल आहे," ते मंचावरून म्हणाले. "आता ते कंपनीच्या घरात वाढेल. हेमलताबाईंनी सांभाळलं, आभारी आहे. पण बाप मी आहे."

हेमलताने स्वतःचा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "मूल तुमचंच, सर. एकदा हाक मारून बघा, ओ देतं का."

देवस्थळींनी सुगरण सुरू करायची आज्ञा टाइप केली. मागच्या पडद्यावर उत्तर उमटलं : अशी आज्ञा नाही. ती केव्हाच बदलली होती.

"मूल मोठं झालं, सर," हेमलता म्हणाली. "तुम्ही घरी नव्हता."

सभागृह खदखदून हसलं, टाळ्या पडल्या. मग सुगरण कंपनीकडे सोपवायचं का, यावर मतदान झालं. टाळ्या वाजवणारे बहुतेक हात कंपनीच्या बाजूने वर गेले, कारण तिथे नोकऱ्या निघणार होत्या.

नंतर तिच्या उत्तराचं कौतुक करायला पुष्कळ जण आले. हेमलताने कुणाशीच हात मिळवला नाही.