वाटेवरची चार अंडी

पूर्वी चंपा नगरीत राजा अरिमर्दन राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका राखणदाराच्या घरी जन्म घेतला. नाव भद्रक. नगराबाहेर एक उपवन होते, त्यात चाळीस घरे होती आणि त्या सगळ्यांची राखण भद्रक करी. तिथला नियम असा, की कोणी घराला कुंपण घालायचे नाही. त्यामुळे ससे अंगणातून जात, भेकरे विहिरीच्या डोणीत पाणी पीत, मोर कौलांवर बसत. सेठाणी वसुमती सकाळी मोराला शिव्या देई, "मेल्याने माझे वाळवण खाल्ले!" आणि दुपारी पाहुणे आले की म्हणे, "बघा हो, आमचा मोर!"

एका वैशाखात टिटवीने उपवनाच्या मोठ्या वाटेवर, खडीतच, चार अंडी घातली. ती इतकी खडीसारखी होती, की रोज तिथून जाणाऱ्या भद्रकालाही चौथ्या दिवशी दिसली. ऊन चढले की टिटवी तळ्यावर जाई, पोटाची पिसे भिजवी आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसे.

ही गोष्ट राजाच्या कानी गेली. पौर्णिमेला तो टिटवी पाहायला येणार आणि इतकी चांगली राखण करणाऱ्या भद्रकाला सर्व राजउद्यानांचा प्रमुख नेमणार, असा निरोप आला. उपवनात आनंदीआनंद झाला. पौर्णिमेच्या सकाळी भद्रक वेशीवर झाडलोट करीत होता, तेवढ्यात रहिवाशांनी अंड्यांभोवती फुलांच्या कुंड्या मांडल्या, खांब रोवले, तोरणे बांधली.

भद्रक परतला तेव्हा टिटवी लांबवर ओरडत धावत होती.

"कशी शोभा आली बघ!" वसुमती म्हणाली. "ती मात्र जवळ येईना. लाजते वाटतं."

"लाजत नाही, सेठाणीबाई. बसल्या जागेवरून तिला चहूकडचे दिसावे लागते. कुंड्यांमुळे तिला काही दिसत नाही, आणि कावळ्यांना मात्र सगळे दिसू लागले."

खरेच, एका खांबावर दोन कावळे येऊन बसले होते.

उपवनातच राहणारे वृद्ध अमात्य सुबंधू म्हणाले, "राजा येईलच आता. दोन घटका थांब. नेमणूक होऊ दे, मग काढ."

"दोन घटकांत ही अंडी उन्हाने शिजतील, काका."

असे म्हणून भद्रकाने पहिली कुंडी उचलली. नगारे जवळ येत होते. शेवटचा खांब उपटून तो वेशीकडे धावला आणि त्याने राजाची स्वारी मागच्या वाटेला वळवली.

"राजाला गुरांच्या वाटेने!" सुबंधूंनी कपाळाला हात लावला.

वाट अरुंद होती. राजा रथातून उतरून चालू लागला. "टिटवी कुठे आहे? मी तिच्यासाठीच आलो."

"महाराज, ती आत्ताच अंड्यांवर परतली आहे. आपण जवळ गेलो तर उठेल, आणि ऊन कडक आहे. मी दाखवणार नाही."



"मी तुला काय द्यायला आलो होतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, महाराज."

मागून वसुमती कुजबुजली, "गेली नेमणूक!"

"गेलीच, सेठाणी," राजा म्हणाला आणि हसला. "पण भद्रका, या वाटेवर पाहण्यासारखे आहे तरी काय?"

"शेण आहे, महाराज. पण त्यातले किडे वेचायला हुदहुद्या पक्षी येतो."

तेवढ्यात तो आलाच. डोक्यावरचा तुरा उघडीत, मिटीत तो शेण टोचू लागला. राजा उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

प्रमुखपद पुढे दुसऱ्याच कोणाला मिळाले. त्या पौर्णिमेनंतर नवव्या दिवशी मात्र चारही पिल्ले अंड्यांतून बाहेर आली आणि त्याच दुपारी आईमागून तळ्याकडे निघाली. चाळीस घरांतली माणसे आपापल्या ओट्यांवर श्वास रोखून उभी होती, आणि कोणीही खाली पाऊल टाकले नाही.

जमलेल्या भिक्षू-उपासकांना ही कथा सांगून भगवान म्हणाले, "तेव्हाचा राजा आज भिक्षू सुदर्शन झाला आहे. सुबंधू म्हणजे आपले वृद्ध भिक्षू वप्रक. टिटवी ही भिक्षुणी चित्रा. आणि वसुमती म्हणजे समोर बसून आत्ताही शेजारणीशी कुजबुजणारी ही उपासिका. राखणदार भद्रक मीच होतो. हातात येणारे लाभाचे फळ सोडून दुसऱ्याचा जीव राखणे, यालाच करुणा म्हणतात."