हत्तिणीनं खाल्लेला लाडू

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा हत्ती बोलायचे आणि माणसं ऐकायची. आता दोन्ही बंद झालंय.

एका राज्याच्या शिवेजवळ एक लहानसं गाव होतं. त्या गावात एकच नियम होता, आणि तो वाटीचा होता. शेजाऱ्याकडून वाटीतून काही आलं, तर वाटी रिकामी परत करायची नाही. तिच्यात काहीतरी घालायचं, आणि ते स्वतःच्या हातचं हवं. विकतचं चालायचं नाही. दुसऱ्याकडून करून घेतलेलं तर मुळीच नाही. आणि परत जाईपर्यंत वाटी ज्या घरात असेल, त्या घरची.

कोणी चटणी घालायचं, कोणी वळलेल्या वाती घालायचं. एका म्हाताऱ्याला काहीच यायचं नाही. तो वाटीला तोंड लावून एक शीळ वाजवायचा, वर पळसाचं पान झाकायचा आणि वाटी पाठवून द्यायचा. शेजारी पान उचलून कान लावायचे आणि म्हणायचे, "आज बरी जमलीय."

त्याच गावात एक बाई राहायची. तिला सगळे चिंधी मावशी म्हणायचे, कारण ती काहीच टाकायची नाही. लुगडं फाटलं की त्याची गोधडी. गोधडी विरली की पायपुसणं. पायपुसणं झिजलं की बाहुली. बाहुली उसवली की तिच्या वाती. वातीची राख झाली की त्या राखेनं भांडी. भांडी घासून झाल्यावर राखेचं काय करायचं, हे तिला अजून सुचलं नव्हतं. पण ती विचार करत होती.

तिची वाटीसुद्धा करवंटीची होती. खापरीनं घासून घासून, तेल चोळून तिनं ती अशी गुळगुळीत केली होती, की माशी बसली तर घसरायची.

दसऱ्याला चार दिवस होते. मावशी अंगणात बसून कालच्या पोळ्यांचे लाडू वळत होती. शिळी पोळी कुस्करायची, गूळ घालायचा, चमचाभर तूप सोडायचं आणि मुठीत दाबायचं. एवढंच. पण वास असा, की रस्त्यानं जाणारा माणूस पत्ता विसरायचा.

त्या दिवशी रस्त्यानं राजाच जात होता. हत्तिणीवर बसून, मागे प्रधान आणि शिपाई. हत्तिणीचं नाव सुलक्षणा. तिनं सोंड कुंपणावरून आत घातली.

"ये गं बाई," मावशी म्हणाली. "खा. वाटी मात्र चावू नकोस." आणि तिनं लाडू करवंटीत ठेवून पुढे केला.

हत्तिणीला एक लाडू म्हणजे आपल्याला एक मोहरी. पण सुलक्षणा तो बराच वेळ चघळत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राजवाड्यात तिला रोज गाडीभर ऊस मिळायचा. तो गाडीतून ओतला जायचा. तिच्यासाठी कोणी मुठीत दाबून काही केलंय, असं जन्मात पहिल्यांदाच झालं होतं.

तिनं करवंटी सोंडेत धरली आणि मावशीच्या अंगणात बसकण मारली.

"बस बाई," मावशी म्हणाली. "तेवढी तुळस सांभाळ."

माहुतानं अंकुश दाखवला. सुलक्षणानं तो बघितला आणि "छान आहे" म्हणाली.

"ऊठ!" राजा वरून ओरडला. "दसरा तोंडावर आलाय!"

राजाची घाई खोटी नव्हती. त्या राज्यात अशी रीत होती, की दसऱ्याला सूर्य मावळायच्या आत राजानं हत्तीवर बसून शीव ओलांडायची, आणि तीही उघड्या डोक्यानं नाही. नाही ओलांडली, तर गादी चुलतभावाला. चुलतभाऊ दरवर्षी शिवेवर येऊन उभा राहायचा. यंदा तर त्यानं नवा केशरी फेटा रंगवूनही ठेवला होता.

"महाराज," सुलक्षणा म्हणाली, "आधी वाटी भरा."

"मी? लाडू तू खाल्लास!"

"मी तुमच्या घरची. घरच्या लेकरानं शेजारी खाल्लं, तर वाटी कोण भरतं?"

राजा खाली उतरला. प्रधानानं लगेच करवंटीत मोती ओतले.

सुलक्षणानं विचारलं, "हे कोणी केले?"

"शिंपल्यांनी," प्रधान म्हणाला. तो खरं बोलणारा माणूस होता.

"मग शिंपल्यांना बोलवा."

मोती काढले. राजवाड्यातून आचारी केशराचे पेढे घेऊन आला.

"हे कोणी केले?"

"आचाऱ्यानं."

"मग आचारीच शीव ओलांडू दे."

आचारी लाजला आणि हळूच हत्तिणीच्या पाठीकडे बघू लागला. राजानं त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा हत्ती आणला. त्यानं सगळी हकीकत नीट ऐकून घेतली आणि तोही बसला. म्हणाला, "तिचं बरोबर आहे." मग राज्यातला तिसरा आणि शेवटचा हत्ती आणला. तो बहिरा होता. पण दोघं बसलेत म्हटल्यावर तोही बसला. आता अंगणात जागाच उरली नाही. तुळस तेवढी सगळ्यांनी सांभाळली.

राजा पायरीवर डोकं धरून बसला. मावशीनं त्याच्यापुढे शिळी पोळी ठेवली.

"खाऊ?" राजानं विचारलं.

"कुस्करा. गादी जायची वेळ आलीय आणि खायचं कसलं सुचतंय?"

राजानं आयुष्यात काही कुस्करलं नव्हतं. मूठ त्यानं फक्त सिंहासनावर आपटायला वापरली होती. पहिला लाडू हातातच सांडला. दुसरा त्यानं सूड उगवल्यासारखा दाबला. तो लाडू पायरीवरून घरंगळला आणि प्रधानाच्या अंगठ्यावर पडला. लाडवाला काही झालं नाही.

"आई गं!" प्रधान एका पायावर नाचायला लागला.

मावशी धावत आत गेली. घरात धड कापड एकच होतं. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवायची तिची चुंबळ. तिनं ती सोडली आणि सगळीच्या सगळी प्रधानाच्या अंगठ्याला गुंडाळली. मग लाडू उचलून बघितला.

"टाकू का?" राजानं ओशाळून विचारलं.

"अहो, टाकताय कशाला? वाऱ्यानं दार आपटतं माझं." आणि तिनं तो लाडू दाराला अडण म्हणून लावला. तो तिथे पुढची बावीस वर्षं होता.

तिसऱ्या दिवशी राजानं सतरा लाडू केले. एकही वाटीपर्यंत पोचला नाही. जे फुटले ते मुंग्यांनी नेले, आणि जे फुटले नाहीत ते शिपायांनी तंबूचे खुंट ठोकायला नेले.

मग दसरा उजाडला. शिवेवर चुलतभाऊ येऊन उभा राहिला, केशरी फेटा बांधून. मधूनमधून तो आरशात बघत होता. इकडे दुपार झाली, ऊन कलायला लागलं. राजा पायरीवर बसून गुळाच्या हातांकडे बघत होता.

तेवढ्यात मावशी विहिरीवरून आली. डोक्यावर भरलेली घागर, आणि खाली काहीच नाही. घागर डुगडुगत होती. मावशी एक हात घागरीला लावायची, एक डोळा मिटायची आणि पाऊल टाकायची.

"मावशी, रुततं का हो?" राजानं विचारलं.

"रुततं की."

"मग चुंबळ कुठाय?"

"तुमच्या प्रधानजींच्या अंगठ्यावर."

राजाला आठवलं, की गेले चार दिवस ही बाई त्याच्यासाठी पोळ्या राखून ठेवतेय, तीन हत्तींना पाणी देतेय, आणि हे सगळं पाणी अशा डोक्यावरून येतंय. हत्तिणीला एक लाडू मिळाला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण तर रोज खातोय, राजाच्या मनात आलं, आणि आपल्याला फक्त शीव दिसतेय.

त्यानं डोक्यावरचा फेटा सोडायला घेतला.

"महाराज!" प्रधान लंगडत धावला. "उघड्या डोक्यानं शीव ओलांडता येत नाही!"

"माहितीय," राजा म्हणाला. "मावशी, हे कसं वळतात?"

"हातावर गुंडाळा. आता टोक आतून घ्या. आतून म्हटलं! तो काय साप आहे, घाबरताय कशाला त्याला?"

तीनदा सुटली. चौथ्यांदा राहिली. जरा वाकडी होती, एका बाजूला फुगलेली, पण होती चुंबळच. राजानं ती करवंटीत ठेवली आणि करवंटी दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली.

सुलक्षणानं विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी," राजा म्हणाला. आजवर त्यानं पुष्कळ लढाया जिंकल्या होत्या, पण या प्रश्नाला 'मी' म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

सुलक्षणा उठली. दुसरा हत्ती उठला. बहिरा हत्ती झोपला होता, त्याला उठवावं लागलं.

शीव दोन हाकांवर होती. सगळं गाव मागोमाग निघालं. मावशीसुद्धा निघाली. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घागर, कारण मोकळं डोकं घेऊन जायचं म्हणजे तिला वाया गेल्यासारखं वाटायचं. कमरेच्या ओटीत तिनं करवंटी आणि एक लाडू घेतला.

"थांबा!" शिवेवर चुलतभाऊ म्हणाला. "डोकं उघडं आहे."

प्रधानानं आपला फेटा पुढे केला.

"तो घातला तर प्रधानानं शीव ओलांडली असं होईल," चुलतभाऊ म्हणाला. त्याचा अभ्यास पक्का होता.

सूर्य टेकडीला टेकला होता. मावशीनं घागर खाली ठेवली आणि ओटीतली करवंटी लाडवासकट वर धरली. सुलक्षणानं ती सोंडेनं राजाला दिली.

"बघताय काय? खा पटकन," मावशी म्हणाली.

राजानं लाडू खाल्ला आणि रिकामी करवंटी डोक्यावर पालथी घातली.

"ही तर बाईची!" चुलतभाऊ ओरडला.

"वाटी परत जाईपर्यंत ज्या घरात असेल, त्या घरची," सुलक्षणा म्हणाली आणि चालायला लागली.

करवंटी राजाच्या टाळूवर जेमतेम बसली होती. ती पडू नये म्हणून त्याला मान ताठ, नजर समोर आणि डोकं अगदी स्थिर ठेवावं लागलं. जुनेजाणते लोक म्हणाले, हा आजवर इतका राजासारखा कधीच दिसला नव्हता.

सूर्य मावळला तेव्हा तो शिवेपलीकडे होता.

चुलतभावाचा केशरी फेटा मावशीनं मागून घेतला. त्याची एक गोधडी, दोन पायपुसणी आणि एक मध्यम आकाराची बाहुली झाली. गोधडी तिनं चुलतभावालाच दिली. त्याला त्या वर्षी पहिल्यांदा थंडी वाजली नाही.

राजाकडे मात्र वाटी राहिली, आणि ती रिकामी देता येत नव्हती. पुढच्या दसऱ्याला तो स्वतः वळलेला लाडू घेऊन आला. प्रधान लांब उभा राहिला, पण लाडू मऊ निघाला. मावशीनं त्याच वाटीत चिंचगुळाच्या गोळ्या घालून दिल्या. मग काय, वाटी पुन्हा राजाकडे. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं एका पायाची बाहुली आणली. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा पाय.

असं वाटीचं जाणं-येणं खूप वर्षं चाललं. शेवटी राजा इतका म्हातारा झाला, की हात थरथरायचे आणि काहीच वळता यायचं नाही. त्या दसऱ्याला तो मावशीच्या दारात आला. करवंटीवर पळसाचं पान झाकलेलं होतं.

मावशीनं पान उचललं. आत काहीच नव्हतं. तिनं करवंटी कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"शीळ मऊ झालीय," ती म्हणाली.

म्हणून लक्षात ठेवा: उपकाराची वाटी रिकामी परत करू नये, आणि दुसऱ्याच्या हातानं भरूही नये.