जुन्या डबीतले छर्रे

“म्हणजे दोष छऱ्यांचा नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी अजून काहीच म्हणालो नाही,” दस्तगीर वस्ताद म्हणाले. “पंखा बंद कर.”

गिरिजानं पंखा बंद केला. गोदामातली हवा जागच्या जागी थांबली.

इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीचं हे गोदाम. गिरणी गेली, कामगार गेले. तुळयांना चिकटलेला कापूस तेवढा राहिला, तोही काळा पडलेला. फौजेतून परतल्यावर वस्तादांनी इथं दहा मीटरची रेंज मांडली होती. गडहिंग्लजची गिरिजा पट्टणशेट्टी एअर पिस्तूल इथंच शिकली, आणि राज्यात पहिली आली. तेव्हापासून आपली चूक कुणी दाखवलेली तिला खपत नसे.

गेले काही महिने तिचा नेम बिघडला होता. फार नाही. दहा गुणांच्या जागी नऊ, नऊच्या जागी आठ. पण तेवढ्यानंच माणूस मागे पडतो, आणि भारतीय संघाची निवड चाचणी तर अगदी तोंडावर आली होती.

कारण तिचं तिनंच शोधून काढलं होतं. छर्रे.

टेबलावर तिनं आणलेल्या डब्यांची रांग होती, वेगवेगळ्या लॉटच्या. दिसायला सगळे छर्रे सारखेच. शिशाचे, कंबरेत बारीक. पण एखादा लॉट एखाद्या नळीला मानवतो, एखादा मानवत नाही, हेही खरंच असतं. ते तपासायचं तर पिस्तूल माणसाच्या हातातून काढून टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, वाइसमध्ये आवळायचं, एकाच जागी रोखून एका लॉटचे पाच छर्रे मारायचे आणि कागदावर ते किती जवळजवळ बसले ते बघायचं. वाइस हलत नाही. मग कागदावर जे चुकलेलं दिसेल, ते छऱ्याचं.

रांगेपासून जरा लांब एक डबी होती. निम्मी रिकामी, झाकणाला चिकटपट्टी लावलेली.

वस्तादांनी त्या डबीकडे पाहिलं, मग गिरिजाकडे.

“आधी नवे,” गिरिजा म्हणाली.

ती छर्रा भरायची, वस्ताद दोन बोटांनी अलगद चाप ओढायचे. फट्... पुन्हा फट्. रिकाम्या गोदामात तो आवाज कुणीतरी दार आपटावं तसा घुमत होता.

पहिल्या लॉटचा कागद आला. छर्रे फाकले होते.

“बघा! मी काय सांगत होते?” कितीतरी दिवसांनी ती हसली.

“हा टाकून दे,” वस्ताद म्हणाले. “पुढचा.”

पुढचा बरा होता. त्याच्या पुढचा त्याहून बरा. मग तिच्या रोजच्या वापरातली डबी आली. कागद हातात घेऊन गिरिजा बघतच राहिली. पाचही छर्रे एकाच भोकातून गेले होते. जेमतेम वाटाण्याएवढं भोक.

“परत मारू या.”

वस्तादांनी परत मारले. तसंच भोक.

“नळी तापली असेल.”

“एअर पिस्तूल आहे, गिरिजा. तापायला तोफ आहे का ती?”

 तिनं ती लांबची डबी जवळ ओढली, नखानं चिकटपट्टी सोडवली. छर्रे चिमटीत धरताना तिची बोटं उगाचच हळू झाली, देवापुढची फुलं उचलावीत तशी.

फट्... फट्...

वस्तादांनी कागद काढला आणि आधीच्या कागदावर बरोबर कडेला कड लावून ठेवला. मग दोन्ही मिळून वर, खिडकीच्या उजेडात धरले. दोन कागदांतून एकच ठिपका उजेड आला.

“सारखेच आहेत,” ते म्हणाले.

“नाहीत! त्या दिवशी याच डबीतले होते, वस्ताद. त्या दिवशी मी...”

बोलता बोलता ती थांबली.

‘त्या दिवशी’ हे शब्द आजवर दोघांपैकी एकानंही तोंडातून काढले नव्हते.

तो दिवस भोपाळच्या स्पर्धेचा. पहाटे गडहिंग्लजला तिचे अप्पा झोपेतच गेले. भावानं फोन केला तो वस्तादांना, कारण स्पर्धेच्या दिवशी गिरिजाचा फोन त्यांच्याच खिशात असायचा. वस्तादांनी फोन ऐकला, तिला चहा दिला आणि खेळायला पाठवलं. आयुष्यात कधी मारलं नव्हतं असं तिनं त्या दिवशी मारलं. गळ्यात पदक घालून हसत बाहेर आली आणि म्हणाली, “फोन द्या, अप्पांना सांगते.”

तेव्हा त्यांनी सांगितलं.

उन्हाळ्याचे दिवस होते. पाहुणे म्हणाले, आता थांबवू नका. गिरिजा पोचली तेव्हा बघायला फक्त समाधीवरची ओली माती होती. अप्पांनी मिरचीच्या अडतीतून जमेल तसं करून हे पिस्तूल घेऊन दिलं होतं. त्यांचं तोंड तिला दिसलं नाही.

दिवस-कार्य उरकून ती रेंजवर परत आली. काही झालंच नाही अशी. वस्तादांनीही विषय काढला नाही. तेव्हापासून दोघं फक्त नेमाबद्दल बोलत होते.

“छऱ्यांत काही नव्हतं,” वस्ताद आता म्हणाले. “त्या दिवशी तुझ्या हाताला माहीत नव्हतं, एवढंच.”

बाहेर रस्त्यापलीकडून यंत्रमागांची धडधड येत होती. गिरिजानं जुन्या डबीचं झाकण लावलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“होय.”

“कधीपासून?”

“तू बूट घालत होतीस तेव्हापासून.”

“सांगितलं असतंत तर दुपारच्या विमानानं... मी पोचले असते, वस्ताद.”

“पोचली असतीस.”

ती थांबली. ते आता काय बोलतील ते तिला ठाऊक होतं. अप्पांचीच तशी इच्छा असती. तू जाऊन तरी काय होणार होतं? एवढ्या वर्षांची मेहनत वाया गेली असती. या एकेका वाक्याला तिनं कितीतरी महिने आतल्या आत उत्तरं तयार करून ठेवली होती.

वस्तादांनी त्यातलं एकही वाक्य उच्चारलं नाही.

“का नाही सांगितलंत?” शेवटी तिनंच विचारलं.

वस्ताद वाइसची मूठ फिरवत होते. जबडा सैल झाला, पिस्तूल त्यांच्या हातात आलं.

“मला ते पदक हवं होतं,” ते म्हणाले.

...

गिरिजानं डब्या पिशवीत भरायला घेतल्या. जुनी कुठली आणि नवी कुठली, हेही तिनं पाहिलं नाही. पिस्तूल घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मुठीकडची बाजू तिच्याकडे केली.

“एक मारून जा.”

“नको.”

“एकच.”

समोर येईल त्या डबीतला छर्रा तिनं भरला. हात उचलला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी काळ्या वर्तुळाखाली डोलत होती. वर, खाली, डावीकडे. तिनं हात खाली घेतला.

“हलतोय.”

“हलू दे.”

“जरा थांबला की मारते.”

“तो आता थांबायचा नाही.”

तिला त्यांचा राग आला. एवढा राग, की डोळे भरून आले आणि वर्तुळाची कडाच दिसेना. तरी तिनं हात उचलला. माशी डोलतच होती. डोलत असतानाच तिनं चाप ओढला.

फट्.

ती स्वतः चालत जाऊन कागद घेऊन आली. खाली डावीकडे, सातच्या घरात. नवशिकीही असं मारणार नाही. ती तो फाडणारच होती, तेवढ्यात वस्तादांनी तिच्या हातातून तो काढून घेतला. चष्मा वर करून डोळ्यांशी धरला, निरखून पाहिला. मग दोन्ही हातांनी तिला परत दिला.

“हा सात तुझा आहे, गिरिजा... त्या दिवशीचे सगळे दहा माझे.”