आगबोटीच्या पोटावरचे डाग

बंदरात आगबोटी नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एक आगबोट दुरुस्तीला गोदीत आली. गोदीतलं पाणी उपसलं, तशी ती तळाच्या लाकडी ओंडक्यांवर टेकली. पागधरे रंगाऱ्यांनी तिच्या पोटाला लाल रंग दिला. पण ओंडके टेकले होते तिथे ब्रश जाईना.

“माझ्या पोटावर डाग राहिले!” आगबोट फणकारली. “या कुजक्या लाकडांनी माझं रूप नासवलं. कधी समुद्र ओलांडलाय का यांनी?”

मधला ओंडका भडकला. “समुद्र तुला सोडून गेला, तेव्हा कोणी पेललं गं तुला? आमच्या पाठी मोडल्या आणि तुला डागांची पडलीय? ठीक आहे, सरकतो आम्ही. पागधरे, आणा तुमचा ब्रश!”

पागधरे ब्रश टाकून पळाले. आगबोटीने मात्र गोदीत पुन्हा पाणी भरेपर्यंत चकार शब्द काढला नाही.