कोठाराचं दार

"ऐकलंत का, उद्यापासून म्हणे वाट बघायला नको, कारण नवा प्रोसेसर..." एवढं बोलून संगणकाचा पंखा असा घरघरायला लागला की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

संगणक कपाटाएवढे असायचे, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एकाच्या पोटात तीन आभासी यंत्रं, म्हणजे स्वतःला स्वतंत्र संगणक समजणारे प्रोग्रॅम, भाड्याने राहत: एक दवाखान्याचं, एक तिकिटं देणाऱ्या तिकीटबाई आणि एक परीक्षेचे निकालराव. राबणारा प्रोसेसर एकच. तो ज्याचा नंबर लागेल त्याचं काम थोडा वेळ करायचा; तिकिटांची घाई कमी, म्हणून तिकीटबाईंचा नंबर मात्र इतर दोघांच्या कितीतरी फेऱ्यांनंतर एकदा लागे. माहितीच्या सामायिक कोठाराची किल्लीही एकच.

त्या दिवशी दवाखान्याच्या यंत्राला एका बाळाचा रक्ताचा रिपोर्ट कोठारातून काढायचा होता. तिकडे डॉक्टर औषधासाठी खोळंबलेले. पण किल्ली घेऊन आत गेलेल्या तिकीटबाईंचा वेळ संपला आणि त्या आतच थिजल्या. मग दवाखान्याचा नंबर लागला, तो सगळा दार हलवण्यात गेला. पुढचा नंबर परीक्षेच्या निकालरावांचा. तेही दारच हलवत बसले. काय म्हणावं आता!

"अहो निकालराव, हलवून दार उघडतं का? तुमचा नंबर तिकीटबाईंना द्या, त्या बाहेर तरी येतील!" दवाखाना ओरडला.

"माझा नंबर आहे. मी दार हलवीन नाहीतर नाचेन!"

दवाखान्याने कपाळाला हात लावला. पुन्हा नंबर लागताच त्याने तो तिकीटबाईंना देऊन टाकला. त्या हलल्या, काम उरकून बाहेर आल्या आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवत फणकारल्या, "मघाशीच द्यायचा होतात की!"

"मघाशी मीही दारच हलवत होतो, बाई."

बाळाला औषध वेळेत मिळालं. नवा प्रोसेसर काही आला नाही, पण अडलेला आता आपला नंबर किल्लीवाल्याला देऊ लागला आणि वाट बघणं मात्र खरंच कमी झालं. निकालरावांचं सोडून. ते अजून दार हलवतायत.